आमराईत गवत कापताना ब्लेड दगडावर आपटतंय? मग हे वाचा

ऑगस्ट लागला की आमच्याकडे सकाळी सातपासून चारी बाजूंनी ग्रास कटरची घरघर सुरू होते आणि त्या घरघरीत मधेच कुठूनतरी 'टण्ण' असा आवाज येतो, की मशीन बंद, आणि मग थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. ज्याच्या बागेत जांभा, म्हणजे आमच्याकडचा तांबडा कातळ, आहे त्याला ती शांतता बरोबर कळते. कुणीतरी वाकून पातं बघतंय, धारेवरून बोट फिरवतंय आणि मनात आजची मजुरी, पेट्रोल, नवीन ब्लेड असा हिशोब लावतंय.

माझी बाग देवगड तालुक्यात आहे, तीन एकर, शंभरेक हापूसची कलमं आणि खालच्या अंगाला थोडी काजू. आधी बेणणी, म्हणजे बागेतलं गवत-झुडूप कापणं, विळ्याने व्हायची, आठ-दहा माणसं लावली की आठवड्यात रान साफ, आता माणसं मिळत नाहीत म्हणून मशीन घेतलं. पहिल्या दोन पावसाळ्यांत मी सात ब्लेड आणि एक गिअर हेड, म्हणजे ब्लेड फिरवणारा पुढचा भाग, घालवलं. पैशाचं एकवेळ सोडा, पण दुसऱ्या वर्षी पात्याखालून उडालेला जांभ्याचा तुकडा आमच्या गड्याच्या नडगीत घुसला, तीन टाके पडले. तो माझ्यापासून बारा-पंधरा पावलांवर कापलेलं गवत गोळा करत होता आणि मीच त्याला तिथे काम करू दिलं होतं. त्याच्या पायातून आलेलं रक्त त्या तांबड्या चिखलात दिसतही नव्हतं, त्याने चप्पल काढली तेव्हा कळलं. तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतलाय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, दगड शोधायचा तो गवत नसताना. कमरेएवढ्या गवतात तुम्ही कितीही सावध राहा, दगड दिसणार नाही. त्यामुळे ऑगस्टमधल्या या कामाची अर्धी मेहनत मे महिन्यातच करायची असते.

आधी दगड कुठून येतात ते बघा

हे समजलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. आपल्याकडच्या बऱ्याच बागा 1990 नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून उभ्या राहिल्या. कातळावर सुरुंग लावून मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमं लावली. आता त्या खड्ड्यातून निघालेला दगड गेला कुठे? लांब कोण टाकणार, तिथेच बाजूला टाकला. म्हणून तुमच्या बागेतसुद्धा बघा, बहुतेक दगड कलमाच्या बुंध्यापासून पाच-सात फुटांवर, उताराच्या बाजूला, अर्ध्या गोलात पडलेले असतील. सुरुंगाने फुटलेला जांभा असल्यामुळे ते वेडेवाकडे आणि टोकदार असतात, आणि इतक्या वर्षांत पालापाचोळा बसून निम्मे जमिनीत रुतलेले असतात. ब्लेडची वाट लावतात ते हेच.

दुसरं कारण पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उतारावरची माती थोडी थोडी धुऊन जाते आणि खाली दबलेला दगड वर डोकं काढतो. त्यामुळे 'मागच्या वर्षी सगळे दगड काढले होते' हे वाक्य कुणी बोललं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. माझी मावसबहीण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असते, तिच्या अंगणातल्या लॉनमध्ये दर वर्षी बर्फ वितळला की नवे दगड वर आलेले असतात, तिकडे जमिनीतलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि दगडाला वर ढकलतं. तिच्याकडे बर्फ, आपल्याकडे पाऊस, काम तेच.

तिसरं म्हणजे गडगा, बागेभोवतीची दगड रचलेली भिंत. वानर उड्या मारतात, गुरं अंग घासतात, गडग्याचा वरचा थर सुटून आत पडतो. गडग्याच्या आतल्या बाजूची सहा-सात फुटांची पट्टी ही कायम धोक्याची धरायची. आणि घर बांधलं, विहिरीला कठडा केला, पंपाची खोली बांधली, अशा जागी चिऱ्याचे तुकडे हमखास पुरलेले असतात. पाइपलाइनसाठी चर मारला असेल तर त्या चराच्या दोन्ही कडा बघा.

मे महिन्यातलं काम

आंबा संपत आला की, म्हणजे साधारण 20 मे ते मिरग या दिवसांत, जमीन सगळ्यात उघडी असते. गवत जळून गेलेलं, पाला एकदा झाडून घेतला की टाचणी पडली तरी दिसेल. या दिवसांत आंबा काढणी, पेट्या, गाडी यांची गडबड असते हे मला माहीत आहे, पण मी रोज सकाळी एक तास काढतो, दोन कलमांच्या ओळी घेतो, दहा-बारा दिवसांत बाग फिरून होते. सोबत एक घमेलं, पहार, जाड हातमोजे आणि काठ्यांची मोळी.

सुटे दगड म्हणजे नारळाएवढ्यापासून सुपारीएवढ्यापर्यंत सगळे उचलायचे. लहान दगड सोडू नका. मोठा दगड ब्लेड मोडतो पण जागेवरच राहतो, उडतो तो लहान. आमच्या गड्याला लागलेला तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा होता.

दगड उचलताना एक काळजी घ्या, ही खरंच महत्त्वाची आहे. आपल्या कातळावर फुरसं, हा विषारी साप, खूप, आणि मे महिन्याच्या उन्हात ते दगडाखालीच असतं. विंचूही तिथेच. दगडाखाली बोटं घालून उचलू नका. आधी पहारेने हलवा, आणि मग दगडाची पलीकडची कड उचलून दगड आपल्या बाजूला उलटा करा, म्हणजे खालची जागा आपल्यापासून पलीकडे उघडते आणि मधे दगड राहतो, जे काय असेल ते तिकडून निघून जाईल. पायात गमबूट हवेतच. माझ्या वडिलांनी मला हे लहानपणी शिकवलं होतं आणि मी स्वतः दोन वेळा दगडाखाली फुरसं बघितलंय.

अर्धे रुतलेले दगड मे महिन्यात निघत नाहीत, जमीन लोखंडासारखी असते, पहार मारून मनगटं दुखतात. त्यांच्यावर फक्त खूण करा आणि पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडू द्या. मिरगाचा पाऊस मुरला की माती मऊ होते, तोच दगड दोन हिसक्यांत निघतो. फक्त मग आळस करू नका, कारण पाऊस सुरू झाल्यापासून दहा-बारा दिवसांत गवत घोट्याच्या वर येतं आणि पुन्हा सगळं झाकलं जातं. काढल्यावर राहिलेला खड्डा तिथल्याच मातीने बुजवा, नाहीतर ऑगस्टमध्ये त्यात पाय मुरगळेल, आणि हातात चालू मशीन असताना पाय मुरगळणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आणि काही दगड निघणारच नाहीत, कारण तो दगड नसून कातळच वर आलेला असतो. तिथे काठी रोवायची. मी पहिल्या वर्षी चुन्याने खुणा केल्या होत्या, जुलैपर्यंत पावसाने सगळा चुना धुऊन नेला. ऑइल पेंट टिकतो पण गवताखाली दिसत नाही, मग उपयोग काय. म्हणून पाच फुटांची बांबूची नाहीतर निरगुडीची काठी, वरच्या टोकाला जुन्या साडीची लाल किंवा केशरी चिंधी. हिरवी, निळी चिंधी लावू नका, पावसाळी अंधारात ती दिसत नाही. कातळावर काठी रुतत नसेल तर दोन-तीन दगड रचून त्यांत उभी करा, तसंही तिथे मशीन न्यायचंच नाहीये.

काढलेल्या दगडांचं काय करायचं? बागेत मधेच ढीग घालू नका, तो ढीग म्हणजे फुरशाला घर बांधून दिल्यासारखं होतं, आणि दोन वर्षांत त्याच्यावर रानमोडीचं तण चढलं की ढीग आहे हेही विसरायला होतं. मोठे दगड गडग्याच्या पडलेल्या जागी लावा. मधले दगड उतारावरच्या कलमांना खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घालायला वापरा, माती धरून राहते, म्हणजे पुढच्या वर्षी वर येणारे दगडही कमी. पण तो बांध नीट रचलेला आणि डोळ्याला दिसेल इतका उंच हवा, वीतभर तरी. अर्धवट रचलेला बांध दगडापेक्षा वाईट.

ब्लेड लावायचं की वायर?

दुकानात गेलात की साधारण तीन प्रकार दाखवतात. नायलॉनच्या वायरचं हेड, तीन पात्यांचं लोखंडी ब्लेड, आणि गोल करवतीसारखं चाळीस किंवा ऐंशी दातांचं टीसीटी ब्लेड. दुकानदार बहुतेक वेळा टीसीटी गळ्यात मारतो कारण ते दिसायला भारी आणि पहिल्या दिवशी लोण्यासारखं कापतं. माझं स्पष्ट मत आहे, कातळाच्या बागेत टीसीटी लावू नये. त्या दातांच्या टोकाला कार्बाइडचे बारीक तुकडे जोडलेले असतात, ते कठीण असतात पण ठिसूळ, दगडाला लागले की तुटून उडतात, आणि ते कुठे गेले ते सापडत नाहीत. सपाट मळ्यात, पाटाच्या कडेला, जिथे दगड नाही तिथे जरूर वापरा.

तीन पात्यांचं ब्लेड रानमोडी, जाड दांड्याचं गवत, काजूखालची झुडपं यासाठी चांगलं. दगडावर आपटलं तर धार जाते, कधी वाकतं, पण धार पुन्हा लावता येते आणि किमतीला परवडतं. आणि बरीचशी तीन पात्यांची ब्लेड उलटी करून दुसऱ्या बाजूने वापरता येतात, म्हणजे एका ब्लेडमध्ये दोन धारा.

वायर दगडावर आपटली तर वायर तुटते, बस, मशीनला धक्का नाही. म्हणून गडग्याची पट्टी, सुरुंगाच्या दगडांचा अर्धा गोल, आणि काठ्या रोवलेल्या जागा यांच्या आसपास मी फक्त वायर वापरतो. 2.4 मिमीची वायर जांभ्यावर भराभर संपते, 3 मिमीची गोल वायर घ्या, पण आपलं मशीन आणि हेड तेवढी जाड वायर घेतं का ते आधी बघा, लहान मशीनला ती झेपत नाही. चौकोनी वायर कापायला छान पण दगडावर गोल जास्त टिकते असा माझा अनुभव. आदल्या रात्री वायर पाण्याच्या बादलीत टाकून ठेवा, नायलॉन पाणी शोषतं आणि लवचिक होतं, वर्षभर माळ्यावर सुकलेली वायर कडकड तुटते तशी तुटत नाही. मात्र वायर आहे म्हणजे धोका नाही असं समजू नका, उलट वायर बारीक खडे जास्त उडवते. आणि तुटलेले तुकडे संध्याकाळी जमतील तेवढे वेचा, ते प्लास्टिक आहे, गुरांच्या पोटात जातं.

एक फार कळकळीची गोष्ट. वायर असो की ब्लेड, कलमाच्या बुंध्याजवळ दोन फुटांत मशीन नेऊ नका. सालीला वायरचा वेढा बसला की वरून काही दिसत नाही आणि दोन-तीन महिन्यांत कलम पिवळं पडायला लागतं. लहान कलमाची साल पूर्ण गोल सोलली गेली तर ते वाचत नाही. दगडाच्या नादात लोक दगड चुकवतात आणि कलमावर जातात, माझी स्वतःची दोन केसरची कलमं अशी गेली, पाच वर्षं वाढवलेली. बुंध्याभोवतीचं गवत विळ्यानेच काढा.

कापताना

वेळ आधी. पहिली बेणणी मी जुलैच्या मध्यावर करतो, कारण कल्टार, म्हणजे मोहोर लवकर यावा म्हणून कलमाला घालायचं औषध, घालायचं तर ते 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात घालतात आणि त्याच्या आधी झाडाखाली तण नको. आणखी एक फायदा म्हणजे तेव्हा गवत गुडघ्याएवढंच असतं, कोवळं असतं, दगडाचा अंदाज येतो. ऑगस्टअखेरपर्यंत थांबलात तर कमरेपर्यंत जातं. दुसरी कापणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, वणव्याच्या आधी.

तोंडाला जाळीची ढाल आणि तिच्या आत चष्मा, दोन्ही. नुसती जाळी पुरत नाही, बारीक कण जाळीतून आत येतात, आणि नुसता चष्मा लावला तर गाल, ओठ उघडे. पावसात चष्म्यावर धुकं धरतं म्हणून लोक काढून ठेवतात, मीही काढायचो. दर दहा मिनिटांनी थांबून पुसा, पण काढू नका. जाड पँट, गमबूट, आणि नडगीला क्रिकेटचे जुने पॅड बांधले तरी चालतील, आमच्याकडे आता तेच बांधतात.

माणसं 15 मीटर लांब, म्हणजे पन्नास फूट. हे मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. का ते एका हिशोबात सांगतो. दहा इंची ब्लेडचा घेर साधारण 80 सेंटिमीटर. मिनिटाला सात हजार फेरे धरले तर पात्याचं टोक एका मिनिटात साडेपाच किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त. त्या वेगाने काही लागलेला खडा पन्नास फूट सहज जातो. गवत गोळा करणाऱ्यांनी मशीन पूर्ण बंद झाल्यावरच यायचं. मुलं, गुरं, कोंबड्या, आणि हो, स्कूटर, गाडीची काचसुद्धा, सगळं लांब.

आता हात कसा फिरवायचा. आपल्या बहुतेक मशीनचं ब्लेड वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतं. म्हणून कापत जायचं उजवीकडून डावीकडे, आणि कापायचं ब्लेडच्या डाव्या बाजूने. ब्लेडवर घड्याळाची तबकडी ठेवलीय असं समजा, 12 तुमच्या समोर. 9 ते 11 या भागाने कापा. 12 ते 3 या भागाला दगड किंवा खुंट लागला की मशीन उजवीकडे आणि मागे असा जोरात झटका मारतं, हातातून सुटतंय की काय असं वाटतं. परत येताना उजवीकडे नेताना ब्लेड गवतात घालू नका, वर उचलून न्या. डाव्या बाजूचे दात आपल्या दिशेने येत असतात, त्यामुळे तिथला खडा आपल्याकडेच येतो, आणि म्हणूनच तो प्लास्टिकचा गार्ड असतो. 'गवत अडकतं' म्हणून गार्ड काढून टाकलेली किती मशीनं मी बघितलीत, कृपा करून काढू नका. पट्टा मात्र असा लावा की हात सोडला तरी ब्लेड जमिनीला समांतर, चार बोटं वर लटकेल. पट्टा ढिला असला की दमल्यावर ब्लेड आपोआप खाली जातं आणि मग दिवसातला शेवटचा तास हा दगड लागायचा तास होतो.

चार बोटं उंची ही दगडाच्या जागेसाठी कमीत कमी. जमिनीला घासून कापायची हौस अनेकांना असते, साफ दिसतं म्हणून, पण त्या चार बोटांच्या खुंटामुळे माती धरून राहते आणि ब्लेडही वाचतं. जिथे शंका आहे तिथे दोन हातांत कापा, म्हणजे आधी गुडघ्याच्या उंचीवर एकदा मारून घ्या, गवत बाजूला करा, जमीन दिसली की मग खालचा हात. वेळ जवळपास दुप्पट लागतो, सगळ्या बागेत हे परवडणार नाही, पण काठ्या रोवलेल्या जागी आणि गडग्याला हे कराच. उतारावर आडवं चाला, सरळ वर-खाली नको. नवीन जागेत, कुणा दुसऱ्याच्या बागेत कापायला गेलात तर आधी एक काठी घेऊन गवतात आपटत फिरा. काठी दगडावर आपटली की हाताला कळतं. आमच्या वाडीतले एक आजोबा, ज्यांनी जन्मभर कोयत्याने बेणणी केली, ते मला पहिल्या वर्षी म्हणाले होते, "झिला, मशिनीक डोळे नाय, तुका आसत मां?" आणि स्वतः काठी आपटत माझ्या पुढे चालले होते.

आणि सगळंच कापायला हवं असंही नाही. उघड्या सड्यावर जिथे मातीच नाही तिथे गवत वीतभर वाढतं आणि आपोआप सुकतं, तिथे कशाला ब्लेड घालवायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी बारीक फुलं, सगळा कातळ रंगतो. तेवढा तुकडा मी सोडूनच देतो, बघायला बरं वाटतं.

दगड लागलाच तर

लागणार, हे धरून चाला. लागला की पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे 'काही नाही झालं' म्हणून तसंच कापत राहतात. थांबा. स्विच बंद, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा, मग मशीन आडवं ठेवा आणि प्लगची टोपी काढा. टोपी काढल्याशिवाय ब्लेडला हात लावायचा नाही.

मग ब्लेड चिखल पुसून बघा. धार बोथट झाली, दाताला लहान खळगा पडला, हे चालण्यासारखं. पण चीर दिसली, अगदी केसाएवढी, मधल्या भोकापाशी किंवा पात्याच्या मुळाशी, तर ते ब्लेड संपलं. वेल्डिंग करून घेऊ नका, ठोकून सरळ करू नका. चीर डोळ्याला दिसत नाही पण शंका आहे तर ब्लेड काढून भोकात सळई घालून लटकवा आणि पान्याने हलकेच टिचकी मारा. चांगलं ब्लेड देवळातल्या घंटेसारखं लांब वाजतं. चीर असेल तर 'थड' असा मेलेला आवाज येतो. चांगला आवाज आला तरी डोळ्याने बघायचं सोडू नका.

ब्लेड वाकलंय का ते असं बघा. लावलेलं असतानाच एक दगड किंवा काठी एका पात्याच्या टोकाला जेमतेम लागेल अशी ठेवा आणि ब्लेड हाताने, हातमोजा घालून, हळू फिरवा. तीनही टोकं तितक्याच अंतरावरून गेली पाहिजेत. एक वर, एक खाली जात असेल तर ब्लेड वाकलंय. नवीन ब्लेड लावूनही तसंच दिसत असेल तर आतला शाफ्ट वाकलाय, मग मेकॅनिककडेच. ब्लेड धरून वर-खाली हलवून बघा, खडखड वाजलं तर गिअर हेडचं बेअरिंग गेलं. हे सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे आणि माझं गिअर हेड गेलं ते या पाच मिनिटांच्या आळसापायी. दगड लागल्यावर हाताला थरथर जाणवत होती, दोन दिवस मी तसंच चालवलं, तिसऱ्या दिवशी दात चाटले.

नट उघडताना लक्षात ठेवा, तो उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. गिअर हेडच्या भोकात सळई घालून ब्लेड अडवा आणि मग पाना लावा. कितीतरी लोक उलटीकडे जोर लावून आटेच खराब करतात. नटाचे कोपरे झिजले असतील किंवा तो हाताने सहज फिरत असेल तर बदला, काही रुपयांचा असतो. नटाखालची ती वाटी, जी जमिनीवर घासते, ती दगडाने पातळ झाली की तीही बदला, नटाला दगडापासून तीच वाचवते. गिअर हेडमध्ये ग्रीस 20-25 तासांच्या कामानंतर भरायचं, पावसात थोडं आधीच.

धार लावताना कानस वापरा. ग्राइंडरवर धरलं आणि लोखंड निळं पडलं की पाणी उतरलं समजा, ती धार अर्ध्या दिवसात जाते. तिन्ही पात्यांना सारख्याच वेळा कानस मारा, मी मोजून दहा-दहा मारतो. एका पात्याचा खळगा काढायला जास्त घासलं तर बाकी दोन्हीही तेवढीच घासा, नाहीतर तोल जातो. तोल बघायला भिंतीतल्या खिळ्यावर ब्लेड अडकवून फिरवा, दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबलं तर ते जड आहे.

पुण्या-नाशिककडे बंगल्याच्या लॉनवर मोअर चालवणाऱ्यांनाही हाच त्रास असतो, तिथे बिल्डरने टाकलेल्या भरावातली खडी आणि विटांचे तुकडे वर येतात. त्यांनी पावसानंतर जमीन मऊ असताना जाड सळई दर वीतभर टोचत फिरावं, टक लागलं तिथे खुरप्याने उकरून काढावं. आणि पेट्रोलचा मोअर दगडावर आपटून बंद पडला आणि नंतर सुरूच होत नसेल, किंवा दोरी ओढताना हाताला उलटा झटका देत असेल, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेलीय का ते आधी बघून घ्या. ती मुद्दाम मऊ धातूची असते, इंजिन वाचावं म्हणून, ती बदलली की बऱ्याचदा मशीन चालू होतं. दोरी ओढत बसून काही होणार नाही.

ऑक्टोबरच्या कापणीत एक वेगळी काळजी. तेव्हा गवत वरून पिवळं व्हायला लागलेलं असतं. आमच्याकडे जांभ्यासोबत कुठे कुठे काळवत्री, म्हणजे काळा कठीण दगडही आहे, तिच्यावर लोखंडी ब्लेड आपटलं की ठिणगी पडते, तिन्हीसांजेला मी ती डोळ्यांनी पाहिलीय. म्हणून त्या दिवसांत काळवत्रीच्या जागी वायरच वापरतो, सकाळी दव असताना कापतो, पाण्याचा कॅन आणि ओली गोणी सोबत ठेवतो, आणि पेट्रोल भरायला कापलेल्या गवतापासून लांब, उघड्या कातळावर जातो.

आणि कापताना जिथे जिथे दगड लागेल तिथे त्याच क्षणी काठी रोवा. 'नंतर लक्षात ठेवू' म्हणून पुढे गेलात की ती जागा गेली, दोन आठवड्यांत गवत पुन्हा वाढतं. मी पट्ट्याला चार-पाच लहान काठ्या खोचून ठेवतो, दगड लागला, मशीन बंद केलं, ब्लेड बघितलं, काठी रोवली, मगच पुन्हा स्टार्टरची दोरी. या वर्षी जुलैच्या बेणणीत अकरा काठ्या लागल्या, बहुतेक विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथे मे महिन्यात मी घाईघाईत फिरलो होतो. त्या काठ्या आता तशाच उभ्या आहेत. मे महिन्यात गवत गेलं की पहार घेऊन एकेका काठीपाशी जायचं आहे, विहिरीपासून सुरुवात करून.